सर्दी गेली, ढास राहिली: खोकल्यामागच्या मज्जातंतूंची गोष्ट

ताप तीन दिवसांत उतरला. नाक आठवडाभरात मोकळं झालं. खोकला मात्र पाचव्या आठवड्यातही मुक्कामाला होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट ठीक, आणि खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या तरी बाहेर पडत होतं काय, तर काहीच नाही. फोनवर दोन वाक्यं सलग बोललो की उबळ. मोठ्याने हसलो की उबळ. एसी चालू असलेल्या खोलीत पाऊल टाकलं की उबळ. 'कफ सुटत नाहीये' हे घरातल्या प्रत्येकाचं निदान. पण सुटायला कफ होताच कुठे?

खोकल्याच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. ठसका क्षणाचा असतो, उबळ मिनिटभराची. खाकरतो आपण मुद्दाम. आणि ढास म्हणजे तो कोरडा, चिवट खोकला, जो एकदा लागला की थांबवता थांबत नाही. हा लेख ढास लागण्याबद्दल आहे.

खोकल्याचं आपल्या डोक्यातलं चित्र साधं असतं: आत काहीतरी अडकलंय, शरीर ते बाहेर ढकलतंय. पाणी चुकीच्या नळीत गेलं किंवा बेडका साचला, तर हे चित्र बरोबरच आहे. पण ढास लागते तेव्हा बऱ्याचदा अडकलेलं काहीच नसतं. 'काहीतरी अडकलंय' अशी वर्दी देणारी यंत्रणाच तेव्हा हळवी झालेली असते. तिला हळवं करतात ती आजारपणात शरीराने स्वतःच तयार केलेली काही रसायनं.

वर्दी देणारा भटक्या

मेंदूच्या तळातून निघून गळ्यातून खाली उतरणारी, हृदय, फुफ्फुसं, जठर, आतडी असा दौरा करणारी एक लांबलचक नस आहे. तिचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'भटक्या'. स्वरयंत्र, श्वासनलिका आणि ती जिथे दुभंगते तो नाका, या सगळ्या भागाच्या अस्तरात व्हेगसचे हजारो बारीक धागे पसरलेले असतात. खोकल्याची वर्दी या धाग्यांवरून जाते.

हा भटक्या किती दूर भटकतो याचा अनुभव काहींनी घरीच घेतलेला असेल. कापसाची काडी कानात जरा आत गेली की अचानक ठसका लागतो. कानाचा आणि खोकल्याचा काय संबंध? संबंध असा, की कानाच्या नळीच्या कातडीलाही व्हेगसचीच एक छोटी फांदी जाते. वर्दी कुठून आली याबद्दल मेंदूचा गोंधळ होतो आणि तो श्वासनलिका साफ करायला घेतो. सगळ्यांना असं होत नाही, थोड्याच लोकांना होतं. पण जुनाट खोकला असलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळतं आणि तो योगायोग नाही, हे पुढे लक्षात येईल. (काडी कानात न घातलेलीच बरी, हे वेगळं सांगायला नको.)

खोकल्याशी संबंधित धागे ढोबळमानाने दोन जातींचे. पहिल्या जातीच्या धाग्यांवर पातळ वेष्टन असतं, वायरीवर असतं तसं, त्यामुळे संदेश झटकन जातो. यांना स्पर्श कळतो आणि आम्ल कळतं. श्वासनलिकेत पाण्याचा थेंब किंवा अन्नाचा कण शिरला की खोकला उठवतात ते हे. दुसऱ्या जातीला सी-तंतू म्हणतात. त्यांच्यावर वेष्टन नाही, संदेश सेकंदाला साधारण मीटरभर या गोगलगायीच्या चालीने जातो. त्यांना स्पर्शाशी फारसं देणंघेणं नसतं, ते हवेतली आणि अस्तरातली रसायनं हुंगत बसलेले असतात. घशात खवखव, वळवळ, 'आता खोकला येणार' अशी जी हुरहुर उठते, ती मुख्यतः यांची करणी.

वर्दी मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कस्तंभात पोचली की तिथून हुकूम सुटतो: खोल श्वास घ्या, स्वरतंतू घट्ट मिटा, मिटलेल्या दारामागे छाती-पोटाचे स्नायू आवळा. हे दार सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग बंद असतं. तेवढ्यात आत प्रचंड दाब साचतो, मग दार फटकन उघडतं आणि हवा सुटते. पाच आठवडे दिवसातून शेकडो वेळा हे केल्यावर बरगड्या दुखल्या तर नवल नाही.

मिरचीचं दार

सी-तंतूला रसायन 'कळतं' म्हणजे नेमकं काय होतं? तंतूच्या टोकावर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. ठरावीक किल्ली लागली की दार उघडतं, बाहेरचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि विजेची एक लहर तंतूवरून मेंदूकडे धावते.

यातलं सर्वांत प्रसिद्ध दार म्हणजे टीआरपीव्ही१. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ते शोधलं. शोध सुरू झाला होता एका साध्या प्रश्नावरून: मिरची झोंबते म्हणजे काय होतं? मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ या दाराची किल्ली निघाला. गंमत म्हणजे साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही तेच दार उघडते आणि आम्लही. म्हणून मिरची जिभेवर 'जळते' असं आपण म्हणतो ते अलंकारिक नाही. मेंदूच्या दृष्टीने ते खरोखरच जळणं आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं, स्पर्श ओळखणारी दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत विभागून.

शेजारीच टीआरपीए१ नावाचं दुसरं दार. धुरातला अॅक्रोलिन, मोहरीतला झणका, वाहनांच्या धुरातले त्रासदायक पदार्थ अशा बऱ्याच किल्ल्या त्याला चालतात. तिसरं पी२एक्स३, त्याची किल्ली आहे एटीपी. हे नाव शाळेत ऐकलेलं असेल, पेशींचं इंधन म्हणून. इंधन पेशीच्या आत असायला हवं. ते बाहेर सांडलेलं दिसलं याचा अर्थ कुठली तरी पेशी फुटली किंवा दुखावली. पी२एक्स३ हे दार अशा सांडलेल्या एटीपीवर नजर ठेवून असतं.

तर मिरचीच्या धुराने ठसका लागतो तो असा. यात बिघाड कुठेच नाही, यंत्रणा चोख काम करते आहे. बिघाड सुरू होतो तो या दारांच्या कड्या सैल झाल्यावर.

दाह कड्या सैल करतो

दाह म्हणजे इजा किंवा संसर्ग झालेल्या जागी शरीराने सुरू केलेली लढाई: लाली, सूज, उष्णता, वेदना. सर्दीच्या विषाणूने श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी फोडल्या की तिथे हेच घडतं. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि तिथल्या तिथे रसायनांचा पाऊस पडतो. त्यातली ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही दोन नावं या लेखापुरती लक्षात ठेवा. एटीपी भेटलंच आहे. शिवाय सायटोकाइन म्हणून निरोप्या प्रथिनांची मोठी फौज असते, तिच्या तपशिलात शिरायला नको.

या रसायनांतली काही थेट खोकला उठवू शकतात. पण त्यांची खरी करामत दुसरीच आहे, ती उंबरठा खाली आणतात. उंबरठा म्हणजे वर्दी सुटण्यासाठी लागणारा किमान त्रास. ब्रॅडिकायनिन तंतूवरच्या आपल्या स्वतंत्र जागी जाऊन बसतं. मग तंतूच्या आत एक साखळी सुरू होते आणि तिच्या शेवटी टीआरपीव्ही१ या दारावर फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवला जातो. एवढ्याने त्या दाराची कडी सैल होते. प्रोस्टाग्लँडिनही अशाच वाटेने जातं. एरवी ४३ अंशांना उघडणारं दार मग शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांच्या आसपासही किलकिलं होऊ शकतं. म्हणजे किल्ली लावायचीही गरज नाही, वाऱ्यानेच दार वाजतं.

याचा अनुभव तुमच्या कातडीने घेतलेला आहे. उन्हात करपलेल्या पाठीवर कोमट पाणी पडलं तरी चटका बसतो. पाणी काल होतं तेवढंच आज कोमट आहे, उंबरठा पाठीचा खाली आलाय. श्वासनलिकेचं अस्तर ही आतली पाठच म्हणायची.

आता लिफ्टमधला प्रसंग बघा. चार माणसं, एकाने अत्तर मारलेलं. तिघांना सुवास येतो. चौथा गेल्या पंधरवड्यात फ्लूमधून उठलेला, त्याच्या सी-तंतूंची दारं आधीच अर्धवट उघडी. अत्तरातले चार रेणू, लिफ्टमधली गार हवा, दार उघडताना 'कितवा मजला?' असं विचारण्यासाठी घेतलेला श्वास, एवढं पुरतं. तो खोकू लागतो आणि बाकीचे तिघे भिंतीला चिकटतात. त्याच्या श्वासनलिकेत त्या क्षणी अडकलेलं काही नाही, आणि बहुधा विषाणूही नाही.

हा नुसता तर्क नाही, मोजून पाहिलेलं आहे. माणसाला कॅप्सेसिनचा फवारा वाढत्या मात्रेने हुंगायला देतात आणि किती मात्रेला पाच खोकले येतात ते नोंदवतात. सर्दीच्या दिवसांत तोच माणूस कमी मात्रेला खोकतो, बरा झाल्यावर त्याचा उंबरठा पुन्हा वर जातो.

सापाचं विष आणि रक्तदाबाची गोळी

ब्रॅडिकायनिनचा खोकल्याशी असलेला संबंध सगळ्यांत स्पष्टपणे दाखवून दिला तो एका औषधाच्या दुष्परिणामाने. ती कहाणी थोडी लांब आहे, पण सांगण्यासारखी आहे.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की रक्तदाब झपाट्याने कोसळतो. १९४९ साली मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की हे विष रक्तद्रवात मिसळलं की एक नवाच पदार्थ तयार होतो. गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर तो टाकला, तर आतडं हळूहळू आकुंचन पावतं. म्हणून नाव पडलं ब्रॅडिकायनिन. ग्रीक भाषेत ब्रॅडि म्हणजे संथ. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून रक्तदाब पडतो. पुढे १९६५ साली सर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषात आणखी एक गोष्ट शोधली. ब्रॅडिकायनिन शरीरात फार काळ टिकत नाही, पण विषातले काही घटक त्याला मोडू देत नाहीत.

ब्रॅडिकायनिन मोडणाऱ्या विकरांपैकी (म्हणजे एन्झाइमांपैकी) एक महत्त्वाचं विकर म्हणजे एसीई. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ते मुबलक असतं. रक्तदाब वाढवणारं दुसरं एक रसायन तयार करण्याचं कामही त्याच्याकडेच. एकाच माणसाकडे कचरा उचलण्याचं आणि भोंगा वाजवण्याचं, अशी दोन्ही कामं असावीत तसं. त्याला अडवलं की भोंगा बंद होतो, रक्तदाब उतरतो. सापाच्या विषातल्या या धड्यावरून कॅप्टोप्रिल नावाचं औषध घडलं, १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल ही सगळी त्याची भावंडं.

भोंगा थांबला. पण कचराही उचलला जाईना. ब्रॅडिकायनिन साचू लागलं आणि डॉक्टरांकडे तक्रारी येऊ लागल्या: घशात खवखव, कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही. शंभरात साधारण ५ ते २० जणांना हा त्रास होतो, स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त. तो गोळी सुरू केल्यावर आठवड्यात उपटतो किंवा कित्येक महिन्यांनीही. त्यामुळे माणूस खोकल्याची दहा औषधं पिऊन बसतो आणि गोळीवर कुणाचा संशयही जात नाही. गोळी बदलली की बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने लागतात. नावाच्या शेवटी 'सार्टन' असलेली लोसार्टनसारखी औषधं रक्तदाबाच्या त्याच साखळीत पुढच्या टप्प्यावर काम करतात आणि एसीईला हात लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्याने हा खोकला सहसा येत नाही. तुमच्या गोळीच्या नावात शेवटी 'प्रिल' असेल आणि ढास जात नसेल, तर डॉक्टरांना विचाराच. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

या माणसांना ना संसर्ग असतो, ना धूळ, ना कफ. वाढलेलं असतं ते त्या रसायनाचं साचणं.

'पण विषाणू गेला, मग खोकला का जात नाही?'

पहिलं कारण, फुटलेलं अस्तर पुन्हा विणलं जायला आठवडे लागतात. तोवर तंतूंची टोकं उघडी राहतात आणि थोडंथोडं एटीपी झिरपत राहतं. दुसरं, दाहाच्या काळात मज्जातंतूंना पोसणारे वाढघटक सुटतात. त्यांच्यामुळे तंतू जास्त दारं बसवू लागतात. अंगणातला बंदोबस्त एका रात्रीत वाढवता येतो, कमी करायला वेळ लागतो. आणि तिसरं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: खालून सतत वर्दी येत राहिली की मस्तिष्कस्तंभातलं केंद्रही सरावतं. मग छोट्या संदेशालाही ते मोठा हुकूम देऊ लागतं. बोलणं, हसणं, गार हवा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींनी खोकला उठतो तो यामुळे. कानातल्या काडीने खोकणारे जुनाट खोकल्यात जास्त का सापडतात, त्याचं उत्तरही इथेच आहे: केंद्र हळवं झालं की व्हेगसच्या कुठल्याही फांदीवरची सळसळ त्याला पुरते. अन्ननलिकेत आम्ल वर आल्यावर काहींना खोकला येतो, त्यातही या सामाईक वायरिंगचा हात असतो.

साध्या सर्दी-खोकल्यातला खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा असते आठवडाभराची. या फरकात जगभर किती अनावश्यक अँटिबायोटिक्स गिळली जात असतील! विषाणूवर त्यांचा उपयोग नाही, सैल कडीवर तर नाहीच. तीन ते आठ आठवड्यांचा खोकला बहुतेकदा संसर्गाची शेपूट असते. आठ आठवडे उलटले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात आणि रीतसर शोध घेतात: दमा, आम्लपित्त, नाकामागून घशात गळणारा स्राव, धूम्रपान, औषधं. पण खोकल्यातून रक्त, दम लागणं, वजन उतरणं, रात्री घाम, न हटणारा ताप यांपैकी काहीही असेल तर आठवडे मोजत बसू नये. जिथे क्षयरोग आढळतो तिथे दोन आठवड्यांच्या खोकल्यालाच तपासणी हवी. हळव्या तंतूचं निदान बाकी सगळं नाकारल्यावर करायचं असतं, आधी नाही.

'झोपेत तर खोकत नाही, म्हणजे मनाचंच ना?'

हा टोमणा मीही ऐकला. वस्तुस्थिती अशी, की जुनाट खोकल्याचे बहुतेक रुग्ण झोपेत खरोखर फार कमी खोकतात. गिनीपिगवरच्या प्रयोगांत (उंदीर माणसासारखे खोकत नाहीत, म्हणून बिचाऱ्या गिनीपिगच्या गळ्यात हे काम) असं दिसलं, की भूल दिल्यावर कॅप्सेसिन किंवा ब्रॅडिकायनिनने खोकला येत नाही, पण श्वासनलिकेला प्रत्यक्ष स्पर्श केला तर येतो. म्हणजे वेष्टनवाले तंतू बेशुद्धीतही पहाऱ्यावर असतात. सी-तंतूंच्या खवखवीचं खोकल्यात रूपांतर व्हायला मेंदू जागा लागतो. खाज जशी झोपेत विसरते, तसं. खाजेला आपण कुणी मनाचा खेळ म्हणत नाही.

यातला आशेचा भाग असा, की जागा मेंदू ढवळाढवळ करू शकतो. उबळ येतेय असं वाटताच गिळणं, घोटभर पाणी, ओठ आवळून सावकाश श्वास सोडणं, हे वाक्-उपचार करणारे तज्ज्ञ पद्धतशीर शिकवतात आणि चाचण्यांमध्ये त्याचा उपयोग दिसला आहे. प्रत्येक खोकला अस्तराला पुन्हा खरवडतो, त्यामुळे टाळलेली प्रत्येक उबळ कामाची. पुदिन्याच्या गोळीनेही जरा बरं वाटतं, कारण तिच्यातला मेंथॉल गारव्याचं दार उघडतो आणि तो संदेश खवखवीला काही वेळ झाकून टाकतो.

'मग दाह कमी करणारी गोळी घेतली की झालं!'

दम्यात किंवा ॲलर्जीच्या पेशी श्वासनलिकेत साचलेल्या असताना, हो. तिथे फवाऱ्यातून घेतलेलं स्टेरॉइड आग विझवतं आणि खोकलाही शमतो. पण सर्दीनंतरच्या ढासेत आग बरीचशी विझलेली असते, हळवा तंतू तेवढा मागे उरलेला असतो. त्यावर स्टेरॉइडचा फारसा परिणाम होत नाही. कोडीनच्या सिरपबद्दल सांगायचं, तर साध्या सर्दीच्या खोकल्यात त्याने औषध नसलेल्या गोड पाण्याहून फारसं जास्त काही केल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. बाटल्यांनी भरलेलं कपाट बघितलं की मला हे आठवतं.

'दारच बंद केलं तर?'

तोही प्रयत्न झाला आहे. गेफापिक्संट हे औषध एटीपीचं पी२एक्स३ दार अडवतं. जपानने २०२२ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये जुनाट खोकल्यासाठी त्याला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये नाकारली. कारण फायदा छोटा होता: औषध नसलेल्या निव्वळ दिखाऊ गोळीच्या तुलनेत खोकल्याची संख्या साधारण १५ ते १८ टक्क्यांनी कमी, आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही खोकला भरपूर कमी झालेला. शिवाय निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडाची चव बिघडली, कारण जिभेवरून चवीचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंवरही हेच दार असतं. जिभेला कमी त्रास देतील अशा नेमक्या रेणूंच्याही चाचण्या सुरू झाल्या.

आणि दारं सगळीच बंद करायचीही नाहीत. फुफ्फुसाचं प्रत्यारोपण करताना मज्जातंतू कापले जातात. अशा रुग्णाला सुरुवातीचे महिने जोडाच्या खालच्या भागात काही गेलं तरी खोकला येत नाही, आणि संसर्गाचा धोका वाढण्यामागे हेही एक कारण असतं. पक्षाघातानंतर खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या माणसाच्या घासाचे कण नकळत फुफ्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असं आढळलं, की पक्षाघात झालेल्यांपैकी 'प्रिल' गोळ्या घेणाऱ्यांना न्यूमोनिया कमी होतो. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं, की या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन साचतं, तंतू हळवे राहतात आणि माणूस वेळेवर खोकतो.